बदकस्वाराची बदली

मेलेला माणूससुद्धा कंपनीचा ग्राहक असू शकतो, हे ग्राहकसेवा विभागातल्या क्वो बाईंनी अखेर फोनवर मान्य केलं.

असं काही झालेलं नाही. क्वो बाई अजून त्याच खुर्चीवर आहेत, त्यांची बढती अडलेली आहे आणि कंपनीतले सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात. तेव्हा आपणही असंच धरून चालू, की त्या दुपारी त्या शिए पो-युआनशी फक्त हवेतल्या दमटपणाबद्दल बोलल्या. आणि गोष्ट जिथून सुरू व्हायला हवी तिथून, म्हणजे गार झालेल्या माशापासून सुरू करू.

गेल्या वर्षी पो-युआनच्या वडिलांच्या तिथीला, तैवानमधल्या थायनान शहरातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात देव्हाऱ्यासमोर टेबल मांडलं होतं. भात, डुकराचं मांस, तांदळाची दारू, आणि दुधी माशाचा पोटाकडचा तुकडा, जो वडिलांना जिवंतपणी कधी पूर्ण मिळाला नव्हता, कारण तो ते मुलाच्या ताटात टाकत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण तिथीला ते न चुकता जेवायला येत आणि आले की निवांत जेवत.

त्यांचं जेवण आटोपलं की नाही, हे विचारायचं काम त्या मुलखात कावळ्यावर सोपवत नाहीत. चंद्रकोरीसारखी दोन लाकडं असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. ती ओंजळीत धरून प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायची. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं, तर कौल ‘हो’. दोन्ही फुगीर वर, तर ‘नाही’. दोन्ही सपाट वर आली, तर पितर हसताहेत. हसण्याचा अर्थ काय घ्यायचा, हे ज्या त्या घराने आपापलं ठरवायचं. आणि ‘हो’ आल्याशिवाय जिवंत माणसांनी घास तोंडात घालायचा नाही.

“अहो, झालं का जेवून?” आईने विचारलं आणि लाकडं टाकली.

नाही.

उदबत्ती आणखी थोडी जळू दिली. पुन्हा विचारलं. नाही. पुन्हा. नाही. मांसावर चरबीचा थर धरू लागला. पो-युआनच्या पोटात जे आवाज होत होते ते देव्हाऱ्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून तो जरा लांब सरकला.

एवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या वू काकू चाळणी परत द्यायला आल्या. वू काकूंना सगळे विधी पाठ होते, आणि दुसऱ्याच्या घरचे तर फारच. चाळणी हातातच ठेवून त्या म्हणाल्या, “असं मोघम काय विचारताय? नवरा होता तुमचा. मुद्द्याचं विचारा!”

मग मुद्द्याचं विचारणं सुरू झालं. मासा खारट झालाय? नाही. दारू कमी पडली? नाही. सुनेवर राग आहे? इथे पो-युआनची बायको सू-छिन स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी राहिली. लाकडं पडली. दोन्ही सपाट.

“हसले,” आई म्हणाली.

“म्हणजे?” सू-छिनने विचारलं.

“म्हणजे हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही,” वू काकूंनी खुलासा केला.

शेवटी आईची नजर टेबलाच्या कोपऱ्यावरच्या पाकिटावर गेली. दर तिथीला तिथे एक पाकीट असे. शेंगदाण्याचं गोड सारण भरलेल्या कुरकुरीत नळ्या. लालभडक पाकीट, त्यावर पांढरं बदक, आणि बदकावर मांडी ठोकून बसलेला एक टोपीवाला गुबगुबीत मुलगा. पाकिटावर नाव काय होतं ते कुणाला आठवत नसे, कारण सगळा मुलूख त्याला ‘बदकवालं’च म्हणे. त्या वर्षी कंपनीने पाकीट बदललं होतं. आता ते सायीच्या रंगाचं होतं, मधोमध एक करडी आडवी रेघ, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नाव. बदक गेलं होतं. मुलगाही गेला होता. पाहणाऱ्याला वाटावं, आत जखमेला बांधायच्या पट्ट्या आहेत.

वडिलांचा जन्म किनाऱ्यावरच्या छिगूच्या मिठागरात गेला. अक्षराशी त्यांचा संबंध आला नव्हता. दुकानात गेले की ते फळीकडे बोट करत आणि म्हणत, “बदक.”

आईने लाकडं उचलली. “पाकीट ओळखलं नाहीत, हेच ना?”

हो.

“पुढच्या वर्षी बदकवालंच आणीन. शब्द देते. आता तरी जेवा.”

हो. लाकडं जमिनीला टेकायच्या आतच जणू उत्तर आलं. मग सगळे गार मासा खायला बसले. वू काकूसुद्धा बसल्या.

“आई, शब्द तू दिलायस,” पो-युआन जेवताना म्हणाला.

“मी दिलाय. आणायचं तू.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर काय तोंड घेऊन जाऊ मी तिकडे?” आई माशाचे काटे काढत म्हणाली, बसची वेळ सांगावी तशा आवाजात. “मला आता फार उशीर नाही, आ-युआन. गेल्यागेल्या हा माणूस पहिलं हेच विचारेल.”

पो-युआन वाहनचालक शाळेत रस्त्यावरच्या खुणा शिकवत असे. लाल वर्तुळ म्हणजे काय, पिवळा त्रिकोण म्हणजे काय. त्याच्या वर्गाचा निकाल शाळेत सगळ्यांत चांगला होता, आणि एक जुनं पाकीट मिळवणं हे काम आपल्याला अवघड जाईल असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं.

छिगूच्या आसपासची सगळी म्हातारी दुकानं त्याने पालथी घातली. दुकानदार म्हणत, “बदकवालं? हे काय, आहे की,” आणि सायीच्या रंगाचं पाकीट पुढे करत. एका दुकानाच्या काचेत मात्र खरंच एक जुनं सापडलं. वर्षानुवर्षं उन्हात राहून त्याचा लाल रंग उडाला होता, बदक निळसर झालं होतं, आणि मुलाच्या जागी फक्त टोपी उरली होती. पो-युआनने ते विजयी मुद्रेने घरी आणलं. आईने खिडकीशी नेऊन पाहिलं.

“हा कोण?”

“तोच आई. जरा उतरलाय.”

वू काकूंनी पाकीट उलटं केलं. “तारीख उलटून गेलीय. शिळं ठेवणार?”

“काकू, बाबा वारलेत. शिळ्याने आता काय व्हायचंय त्यांना?”

“तुला काय माहीत? तू गेलायस का कधी?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. पो-युआनने कंपनीला फोन लावला.

“ग्राहकाचं वय?” क्वो बाईंनी विचारलं.

“असते तर शहाऐंशी.”

“असते तर म्हणजे?”

“वारले.”

“आमच्या उत्पादनामुळे?” क्वो बाईंचा आवाज एकदम जागा झाला.

“नाही नाही. त्याच्या बऱ्याच आधी.”

“वारले आधी, आणि तक्रार आत्ता?”

“पाकीट तुम्ही आत्ता बदललंत ना.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. तक्रार ग्राहकाने स्वतः करावी किंवा सहीच्या जागी आपला शिक्का उमटवून दुसऱ्याला अधिकार द्यावा, असा नियम होता. पो-युआन म्हणाला, बाबांचा नावाचा शिक्का आहे, आईच्या कपाटात आहे, पण त्यांना न विचारता उमटवणं बरं नाही. क्वो बाई म्हणाल्या, मग विचारा. हे त्या टोलवायला म्हणाल्या असाव्यात. पण पो-युआन म्हणाला, “धरा जरा,” आणि त्याने फोनचा आवाज मोठा करून तो देव्हाऱ्याखाली ठेवला.

“अहो, तुमच्या नावाने तक्रार करू का?” आईने विचारलं.

लाकडं फरशीवर खडखडली. मग फोनमधून हळूच आवाज आला, “काय आलं?”

“हो आलं,” आई म्हणाली.

क्वो बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझे वडील सोयाबीनचं दूध प्यायचे. काचेच्या बाटलीतलं. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात येतं. मी नळी टोचून ठेवते काकू, तरी वाटतं, त्यांना कळत असेल का कुठून ओढायचं ते?”

“पहिला घोट तू ओढून दाखव,” आई म्हणाली. “म्हणजे कळेल.”

“खरंच की,” क्वो बाई म्हणाल्या. “आणि ग्राहक तो ग्राहकच हो. जिवंत काय, मेलेला काय.” मग त्या एकदम खाकरल्या. “आज दमट आहे नाही फार?”

“फार,” पो-युआन म्हणाला.

कंपनीचं अधिकृत उत्तर आठवडाभरात आलं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर होती आणि भरपाई म्हणून एक मोठं खोकं पाठवत होती. खोक्यात सायीच्या रंगाची पाकिटं होती, काठोकाठ. वर एक चिठ्ठी: आमच्या नव्या रूपावरही असंच प्रेम असू द्या.

सू-छिनने जुन्या पाकिटाचं चित्र शोधून त्याची रंगीत प्रत छापून आणायचं सुचवलं. छपाईवाला म्हणाला, नक्कल छापली तर मी आत जाईन. आई म्हणाली, नक्कल दाखवून नवऱ्याला फसवलं तर मी आत जाईन, आणि माझं ‘आत’ फार लांब आहे.

मग वू काकूंचा पुढचा सल्ला आला. “सून घरात आणली तेव्हा पितरांशी ओळख करून दिलीत ना? तशी या पाकिटाशी करून द्या. माणूस हळूहळू रुळतो.”

ओळख करून देणं हा तर पो-युआनचा धंदाच. रविवारी सकाळी कपडे करून तो देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. एका हातात उन्हाने खाल्लेलं जुनं पाकीट, एका हातात नवं. “बाबा, नीट बघा. पूर्वी लाल होतं, आता पांढरट. पूर्वी बदक, आता रेघ. खूण बदलली, अर्थ तोच. रेघ दिसली की समजायचं, नळ्या. आलं लक्षात?”

फोटोतले वडील त्याच्याकडे त्याच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या माणसांसारखे बघत राहिले. कौल लावला. नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, या वेळी सावकाश. नाही.

“नापास,” सू-छिन मागून म्हणाली.

पो-युआन चरफडत खुर्चीत बसला. विद्यार्थ्याला समजलं नाही तर दोष मास्तरचा, असं तो इतर शिक्षकांना नेहमी सांगायचा. आज ते त्याला अजिबात पटलं नाही. मग बसल्या बसल्या त्याला वडिलांबरोबरची जुनी फेरी आठवली. बस कुठली, तर जिच्या कपाळाला पोचा आहे ती. दवाखाना कुठला, तर कासवांच्या टाकीशेजारचा. न्हाव्याची गल्ली कुठली, तर जिथे भिंतीवर दात घासणारी बाई रंगवलीय ती. वाचता न येणाऱ्या माणसाचं अख्खं शहर चित्रांचं असतं. त्यातलं एक चित्र कुणीतरी थंडगार खोलीत बैठक घेऊन पुसून टाकलं होतं, आणि बैठकीनंतर बहुधा चहा झाला असेल.

खोकं मात्र घरात जागा अडवून होतं. सू-छिनने फर्मावलं, वाटून टाका. पो-युआन मजल्यामजल्यावर पाकिटं देत गच्चीवर पोचला. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. ती वू काकूंची होती, भाड्याने दिलेली होती आणि कागदोपत्री अस्तित्वात नव्हती. तिथे बेनेदेक नावाचा हंगेरियन तरुण राहायचा. तो भाषावर्गात शिकवायचा, आणि इथली बोली त्याने भाषणांच्या पुस्तकातून उचलली होती.

“आदरणीय शिए महोदय! आपल्या आगमनाने ही खोली कृतार्थ झाली.”

“नळ्या आणल्यात,” पो-युआन म्हणाला.

बेनेदेकने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट केलं आणि त्याचा चेहरा पडला. “यांनीही रेघ मारली. महोदय, आमच्या गावी बिस्किटाच्या पुड्यावर बिस्किटाचं चित्र असतं. इथे आलो, तर पुड्यावर बदकावर बसलेला मुलगा आणि आत शेंगदाण्याची नळी. मी विचारात पडलो. दोन महिन्यांसाठी आलो होतो, राहूनच गेलो.” आणि त्याने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत पाकिटं चिकटवलेली होती. मिशीवाला कोळंबा, चष्मा लावलेला वाटाण्याचा दाणा, रडणारी आणि का रडते ते न सांगणारी मिरची. आणि बरोबर मधोमध, लालभडक, पांढऱ्या बदकावर मांडी ठोकून, तो.

पो-युआनने पुढे होऊन नखाने कोपरा उचलून पाहिला. बेनेदेकने खारा वारा लागू नये म्हणून वरून रोगणाचे थर चढवले होते. नख जरा सरकलं आणि बदकाची चोच निघून हातात आली. बेनेदेक किंचाळला, पुस्तकाबाहेरच्या भाषेत.

पाकीट दारापासून सुटणार नव्हतं. तिथी परवावर आली होती. तेव्हा दार खोलीपासून सोडवायचं ठरलं.

“माझं दार?” वू काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्हीच म्हणालात ना, मुद्द्याचं बघा.”

“मुद्द्याचं म्हणाले. दाराचं कुठे म्हणाले?” पण गोष्ट विधीची होती, आणि विधीला नाही म्हणणं हे वू काकूंच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. दार संध्याकाळच्या आत परत बसलं पाहिजे आणि ते कुठून आलं हे कुणाला सांगायचं नाही, या बोलीवर त्यांनी होकार दिला.

तिथीच्या सकाळी दार लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने उतरवताना पाचव्या मजल्यावर इमारतीचा चौकीदार आडवा आला. “मोठं सामान हलवायचं तर परवानगी लागते. कुठल्या घरातलं दार हे?”

“गच्चीवरच्या,” पो-युआनच्या तोंडून निघून गेलं. वू काकूंनी डोळे मिटले.

“गच्चीवर घर नाही,” चौकीदार म्हणाला. ते त्याच्या नकाशात नव्हतंच.

“घर नाही ना? मग हे दारही नाही,” सू-छिन दाराच्या खालच्या टोकाकडून म्हणाली. “सरका.”

चौकीदाराने क्षणभर विचार केला, चूक सापडली नाही, आणि तो सरकला.

दार देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला टेकवलं. त्याच्यापुढे टेबल, टेबलावर गरम मासा, आणि बदकाच्या बरोबर समोर बशीत नव्या पाकिटातल्या ताज्या नळ्या. चित्र जुनं, माल तारखेतला. आईने चोच गेलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“थांबा,” वू काकू म्हणाल्या. “दार उघडं आहे की बंद? पितरांना बोलावून दार बंद ठेवलं, असं नको व्हायला.”

भिंतीला टेकवलेलं दार उघडं म्हणायचं की बंद, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बेनेदेकने दाराचा खटका खाली दाबला आणि तसाच धरून उभा राहिला. “मी यास उघडं ठेवतो,” तो गंभीरपणे म्हणाला. यावर सगळ्यांचं समाधान झालं.

आईने लाकडं ओंजळीत घेतली. “अहो, आणलाय. ओळखलंत का?”

दोन्ही सपाट.

“हसले,” वू काकू म्हणाल्या.

आईने पुन्हा टाकली. पुन्हा दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा टाकायला ती वाकली आणि वाकल्या वाकल्या स्वतःच हसायला लागली, इतकी की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“काय झालं आई? ओळखलं नाही का त्यांनी?”

“ओळखलं रे. न ओळखायला काय झालं? नळ्या कधी खात नव्हता हा माणूस. शेंगदाणे अडकायचे दातात.”

पो-युआनला कळेना. “मग वर्षानुवर्षं पाकीट कशाला आणायचे?”

“नळ्या तुला. पाकीट त्यांना.” आईने डोळे पुसले. “ते धुवायचं, वाळवायचं, आणि मिठागरातल्या खोपटात खिळ्याला टांगायचं. खारं पाणी लागून गळालं की दुसरं. सगळ्यांना सांगायचे, बघा, माझा पोरगा कारखान्यातून छापून येतो.”

आईने दारावरच्या मुलाकडे बोट केलं.

“तुझा फोटो कुठे होता तेव्हा आपल्याकडे? फोटोवाल्याकडे जायला दिवस कोण मोडणार? तोच तुझा फोटो. तसाच होतास तू. अगदी तस्सा. फक्त बदक नव्हतं.”

पो-युआन दारावरच्या मुलाकडे बघत राहिला. मुलगा त्याच्याकडे बघत होता, गाल फुगवून, कसलीही काळजी नसलेला. गेलं वर्षभर आपण एक पाकीट शोधतोय अशी पो-युआनची समजूत होती. आणि वर्षभर देव्हाऱ्यातला माणूस टेबलाच्या कोपऱ्यात बघून विचारत होता, पोरगा कुठे गेला.

“क्षमा असावी,” बेनेदेक हळूच म्हणाला, “मी खटका सोडू का? बोट बधिर झालं आहे.”

“थांब रे बाळा, एकच विचारते.” आईने लाकडं टाकली. “झालं का जेवून?”

हो.

त्या दिवशी सगळे गरम जेवले. बेनेदेकने सात नळ्या खाल्ल्या आणि पाकिटाला हात लावला नाही. वू काकू दोनदा म्हणाल्या की दार परत न्यायला घाई नाही, आणि मग आठवण झाल्यासारख्या म्हणाल्या की आहे. संध्याकाळी दार वर गेलं. चौकीदाराने त्याला पाहिलं नाही.

आई दमून खुर्चीत बसली होती. सू-छिनने विचारलं, “आणि पुढच्या वर्षी हो आई? दरवर्षी दार आणायचं?”

“पुढच्या वर्षी मी इकडे असले तर आणू,” आई म्हणाली. “तिकडे असले तर आम्ही दोघं मिळून शोधू याला. पण मला तरी कुठे वाचता येतं?”

पो-युआन उठला. कपाटातून वडिलांचा शिक्का काढला, टेबल पुसलं, आणि कार्यालयीन कामाला घेतात तसा एक कोरा कागद समोर घेऊन लिहायला बसला.

प्रति,
माननीय ग्राहकसेवा विभाग यांस,

विषय: बदकस्वार मुलास पूर्वपदावर रुजू करून घेणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी नम्रपणे कळविण्यात येते की, कै. शिए थ्येन-सुंग हे आपले जुने ग्राहक असून सध्या त्यांचा मुक्काम हलला आहे. त्यांना अक्षरओळख नाही. यापुढे होईल अशी चिन्हे नाहीत. त्या दिशेने केलेला प्रयत्न अयशस्वी ठरला आहे. आपण पाकिटावरून जो मुलगा कमी केलात तो त्यांचा असल्याची बाब कुटुंबाच्या निदर्शनास नुकतीच आली आहे. लवकरच त्यांच्या पत्नीही त्याच पत्त्यावर जाणार असून त्यांनाही तो ओळखता येणे आवश्यक आहे.

तरी सदर मुलास विनाविलंब पाकिटावर परत घ्यावे. जुने चित्र आपल्या दप्तरी शिल्लक नसल्यास निम्नस्वाक्षरीकार स्वतः हजर राहण्यास तयार आहे. वय सत्तेचाळीस, वजन वाढले आहे, केस कमी झाले आहेत, तथापि मांडी घालून बसता येते आणि चेहरा तोच असल्याचे आईचे म्हणणे आहे. टोपी स्वखर्चाने आणली जाईल.

बदकाची व्यवस्था कंपनीने करावी, ही विनंती.